पाच हजारांचा बोनस आणि आक्कांचे पासबुक



मागे एकदा आम्ही या सदरात बचत गटाची वही कशी ठेवावी यावर लिहिले होते. तेव्हा दोन-चार वाचकांनी विचारले की, वही अगदी नीट असूनही घरातला पैसा नाहीसा होतो, तो जातो कुठे? त्याचे एक उत्तर आमच्यापाशी केव्हाच चालत आले होते. पण दुसऱ्याच्या घरची गोष्ट, लिहावी की लिहू नये, या विचारात दिवस गेले. आता ज्यांच्या घरची गोष्ट आहे त्यांनीच, "लिहा भाऊ, फक्त नाव घालू नका," असे सांगितले. म्हणून लिहितो.

मार्च २०२५ मधला एक रविवार. विहारातली वंदना आटोपून लोक पांगत होते. इथे देवळाली कॅम्पात आमच्याच वस्तीत राहणाऱ्या एक आक्का पासबुक आणि मुलाचा मोबाईल पदराखाली धरून थांबल्या होत्या. बाजूला मुलगा, मान खाली घालून. आक्का चार घरची धुणीभांडी करतात. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी त्यांनी गटातून ४०,००० रुपये कर्ज उचलले होते. फी भरायला गेल्या तेव्हा खात्यात पैसे नाहीत. बँकेत विचारले तर, चोरी वगैरे काही नाही, तुमच्याच फोनवरून गेले आहेत, असे उत्तर.

"भाऊ, पोरगं म्हणतं पाच हजार रुपये बोनस अडकलाय. तो सुटला की समदं भरून निघंल. तुम्ही हापिसातले, तुम्हाला कळतं. तेवढा बोनस सोडवून द्या."

आम्हाला वाटले, कुठल्या तरी ठेकेदाराने दिवाळीचा बोनस दाबून ठेवला असेल. युनियनच्या माणसाला फोन लावायच्या बेतात होतो. तेवढ्यात पोराने मोबाईल उघडून दाखवला. हिरवे टेबल, पत्ते, आणि वर सोनेरी अक्षरात रक्कम. पोकर.

या पोराला आम्ही लहानपणापासून ओळखतो. व्यसनी नाही, उनाड नाही. पहाटे उठून भरतीसाठी पळायचा. २०२० पासून दोन वर्षे सैन्याचे भरती मेळावे बंद राहिले, मग २०२२ मध्ये अग्निपथ आली, आणि या सगळ्यात याचे वय निघून गेले. आता एका ठेकेदाराकडे माल चढवण्या-उतरवण्याचे काम, तेही रोज असेल असे नाही. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी दिवसभर हातात मोबाईल. ब्रिटिश अमदानीत मायदेशी निघालेल्या गोऱ्या शिपायांना देवळालीच्या छावणीत आगबोटीची वाट पाहत महिनेच्या महिने काढावे लागत. त्या रिकाम्या दिवसांत त्यांची डोकी फिरत. म्हणून आपल्या गावाच्या नावावरूनच इंग्रजीत 'डुलॅली' हा वेड लागल्याचा शब्द तयार झाला. रिकामी वाट पाहणे माणसाचे काय करते हे या गावाला जुनेच ठाऊक आहे.

आम्ही पडलो कारकून. बी.कॉम.ला जमा-नावे शिकलो आणि पुढे आयुष्यभर तेच केले. रागावणे आम्हाला फारसे जमत नाही. कोरा कागद काढला, मधे उभी रेघ मारली आणि पोराला म्हणालो, बस, पहिल्यापासून सांग.

आधी खेळ समजून घेतला. प्रत्येकाच्या हातात दोन झाकली पाने, मधे पाच उघडी. त्यांतून ज्याची पाच पाने भारी त्याचा डाव. पाने उघडत जातात तशी मधे मधे पैसे लावत जायचे, नाही तर पान टाकून बाहेर पडायचे. समोरच्याला हूल देता येते. डोके लागते, हे खोटे नाही. पण इथे खेळणारे एकमेकांचे पैसे जिंकतात, कंपनी खेळत नाही. मग कंपनीला काय मिळते? पत्त्यांच्या अड्ड्यावर अड्डेवाला प्रत्येक डावातून आपली नाल काढतो, हे आपल्यातल्या जुन्या माणसांना सांगायला नको. इथेही तेच, फक्त तिला 'रेक' म्हणतात. या ॲपवर ती शेकडा पाच होती. समजा सहा जण पाचपाचशे रुपये घेऊन बसले, म्हणजे टेबलावर तीन हजार. डाव चालत राहिले आणि संध्याकाळपर्यंत नाल सहाशे रुपये झाली, तर सहा जणांत मिळून चोवीसशेच उरले. कोण जिंकला, कोण हरला, हा नंतरचा प्रश्न. टेबल मात्र हरलेच.

आता बोनस. नोव्हेंबर २०२४ मध्ये पोराने जाहिरात पाहिली: पहिल्यांदा जेवढे भराल तेवढाच बोनस, पाच हजारांपर्यंत. त्याने पाच हजार भरले. पडद्यावर दहा हजार दिसू लागले. "मामा, मला वाटलं, हरलो तरी त्यांचे पाच जातील, आपले पाच राहतील." असे वाटणारा हा एकटाच नसणार.

आम्ही त्या ॲपच्या अटी उघडून वाचल्या. जाहिरात मराठीत होती, अटी इंग्रजीत. वाचायला पाऊण तास लागला. बोनस 'कुलूपबंद' असतो, काढता येत नाही. तुमच्या पैशातून पाचशे रुपये नाल कापली गेली की बोनसमधले शंभर रुपये मोकळे होतात. आणि हे सारे तीस दिवसांत, नाही तर उरलेला बोनस बाद.

कागदावर मांडले. पाचशेला शंभर, तर पाच हजार मोकळे व्हायला पंचवीस हजार रुपये नाल भरायला हवी. नाल शेकडा पाच, म्हणजे पंचवीस हजार नाल भरण्यासाठी पाच लाख रुपये डावावर लावायला हवेत. तीस दिवसांत. रोजचे साडेसोळा हजारांच्या वर. ज्याच्या खिशात पाच हजार आहेत त्याने तेच पैसे महिन्याभरात शंभर वेळा फिरवायचे, आणि एवढे करून मिळणार काय, तर आपणच भरलेल्या नालीचा पाचवा हिस्सा परत. दुकानदाराने पंचवीस रुपये जास्तीचे घ्यावेत, त्यातले पाच परत द्यावेत आणि वर बक्षीस म्हणावे, अशातला हा प्रकार.

हिशेब लिहिणाऱ्याला पहिल्याच वर्षी शिकवतात की, जे अजून हाती आलेले नाही ते जमेला धरू नये. ॲपने नेमके हेच केले होते. स्वतःचा अटीतटीचा वायदा पोराच्या खात्यात, त्याच्याच पैशाशेजारी, त्याच रंगात लिहून ठेवला होता.

आणि त्याचे स्वतःचे पाच हजार तरी पूर्ण होते का? तेही नव्हते. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा खेळात भरलेल्या सबंध रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला होता. पाच हजारांच्या भरण्यात कराचे १,०९३ रुपये ७५ पैसे. खेळायला उरले ३,९०६ रुपये २५ पैसे. कराएवढी रक्कम या ॲपने 'गुण' म्हणून परत दाखवली, म्हणून आकडा भरलेला दिसला. पण गुण खेळता येत, काढता येत नसत. म्हणजे पडद्यावरच्या दहा हजारांपैकी, एकही पान न खेळता काढून घेता आले असते ते अवघे ३,९०६ रुपये. न खेळता पैसे परत घेतले तरी एकदा लागलेला कर परत मिळत नसे, असाच नियम होता.

जिंकल्यावर आणखी एक कात्री होती. १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर तिथल्या तिथे कापला जाऊ लागला. गरीब-श्रीमंत सर्वांना एकच दर. या पोरावर तो प्रसंग आला नाही.

शिवाय पैसे भरताना कोणी काही विचारले नव्हते, नुसता पिन दाबला. काढायला गेला तेव्हा पॅन, आधार, बँकेचे पान, सगळे आले. ते तपासून होईपर्यंत दोन दिवस. दोन दिवस पैसे समोर दिसत असताना तो थांबला नाही, तेच पैसे परत खेळला.

आता आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आम्ही विचारले, पहिले पाच हजार आठवड्यात संपले, तेव्हाच का थांबला नाहीस? त्यावर तो म्हणाला, "मामा, बोनस अडकला होता ना. तो सोडवायला परत भरले."

हे वाक्य ऐकून आम्ही पेन खाली ठेवले. आईकडे बोनस सोडवून द्या म्हणणारा मुलगा लबाडी करत नव्हता. त्याला मनापासून वाटत होते की त्याचे पैसे कंपनीकडे अडकले आहेत. गिरवी ठेवलेली वस्तू सोडवायला माणूस धडपडतो, तसा तो धडपडत होता. फरक एवढाच की ती वस्तू त्याची कधी नव्हतीच. पहिल्या बोनसपैकी सहाशे रुपये मोकळे झाले, म्हणजे महिन्याभरात तीन हजार नाल भरली आणि साठ हजार रुपये डावावर फिरवले. बाकीचे ४,४०० डिसेंबरातच बाद झाले होते. मार्चमध्ये पडद्यावर दिसत होता तो पुढच्या भरण्यांवरचा नवा बोनस, नव्या कुलपाचा. हे त्याच्या ध्यानातही आले नव्हते.

पासबुक पुढे घेतले आणि ओळ ओळ उतरवली. पाच महिन्यांत तेवीस वेळा भरणा, एकूण ७१,५०० रुपये. त्यात गटाचे चाळीस हजार, बाकी त्याची मजुरी. परत आले ९,३०० रुपये. गेले ६२,२०० रुपये. भरलेल्या रकमेतला नुसता कर काढला तर १५,६४० रुपये होतो. आक्का म्हणाल्या, "एवढे पैसे मी कधी हातात धरून मोजले न्हाईत, भाऊ." त्याने तरी कुठे मोजले होते? शेजारी नाशिकरोडला सरकारी छापखान्यात नोटा छापल्या जातात, आपल्या कित्येक घरांतली माणसे तिथून निवृत्त झाली. पण या बासष्ट हजारांतली एकही नोट या पोराने पाहिली नाही. नोट मोडताना हात जरा थांबतो. पिन दाबताना थांबत नाही.

ज्येष्ठ वाचक म्हणतील, यात नवीन ते काय, आमच्या वेळी मटका होता. खरे आहे. आधी मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर आकडे लागायचे, पुढे रतन खत्री वगैरेंनी मडक्यातून आणि पत्त्यांतून आकडा काढायला सुरुवात केली, आणि गिरणगावातल्या पगाराच्या दिवसाला त्याने कशी कीड लावली हे आपल्या थोरल्यांनी पाहिले. तरीही थोडा फरक आहे. आकडा घेणारा गल्लीतला असे. त्याच्याकडे जाताना शेजारी बघतील ही लाज असे. बायको त्याला जाऊन शिव्या देऊ शकत असे. आणि उधारी बुडवली तरी मटकेवाला तुमच्या नावावर कधी पाच हजार लिहून ठेवत नसे.

कायद्याचेही सांगतो, कारण पोराचा पहिला बचाव हाच होता की, मामा, हे कायदेशीर आहे. त्या वेळी त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी हा कौशल्याचा खेळ ठरवला. पोकरबद्दल मात्र न्यायालयांचे एकमत नव्हते. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगारच म्हटले. या वादाच्या फटीतून कंपन्या वाढल्या आणि क्रिकेटवीर, नटनट्या जाहिरातीत आल्या. जुलै २०२५ मध्ये तर आपल्याच जिल्ह्यातले सिन्नरचे आमदार आणि तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांची सभागृहात मोबाईलवर रमी दिसत असलेली चित्रफीत गाजली. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेले बाजूला सारत होतो, असे त्यांनी सांगितले. महिनाअखेरीस त्यांच्याकडचे कृषी खाते काढून क्रीडा खाते दिले गेले. वस्तीत त्यावर हसण्याचे विनोद झाले. आक्का हसल्या नाहीत.

पुढच्याच महिन्यात संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन खेळवणे यात निषिद्ध ठरले. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे आम्हाला योग्य वाटते.

इथे एक आठवण द्यावीशी वाटते. २ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीत काही सभासदांनी मागणी केली होती की, राज्यांच्या यादीतून 'पैजा आणि जुगार' ही नोंदच काढून टाका, असली गोष्ट घटनेत कशाला? बाबासाहेबांनी त्यांना समजावले की, नोंद काढल्याने जुगार नाहीसा होणार नाही, उलट प्रांतिक सरकारांच्या हातात त्याला आवर घालण्याचा अधिकारच उरणार नाही. नोंद असेल तर बंदीही घालता येईल. नोंद राहिली. आम्हाला यात एका उत्तम हिशेबनिसाची दृष्टी दिसते. जी गोष्ट आहे ती वहीत लिहा, झाकू नका, मगच तिचा बंदोबस्त होतो.

कायदा झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ बंद केले. पण वस्तीतल्या पोरांच्या मोबाईलवर आता दुसऱ्याच लिंक येतात. कंपनी परदेशातली, नाव रोज नवे, बोनस शंभर टक्क्यांऐवजी पाचशे टक्के. पैसे भरायला कंपनीचे खाते नाही, कुठल्या तरी माणसाच्या नावाचा क्यूआर कोड. पूर्वी निदान अटी तरी वाचायला होत्या. इथे जिंकलेले पैसे मागितले की, आधी कर म्हणून एवढे भरा, असे उत्तर येते. कर कधीही आधी असा कोणाच्या खाजगी खात्यात भरावा लागत नाही. असे सांगणारा चोर समजावा.

याहून वाईट धंदा म्हणजे खाते भाड्याने मागणे. "तुझे पासबुक, एटीएम आणि सिम दे, महिन्याला एवढे देतो." कॉलेजच्या पोरांना हे फुकटचे वाटते. त्या खात्यातून जुगाराचा आणि फसवणुकीचा पैसा फिरतो आणि पोलिस येतात ते खातेदाराच्या दारात. मग शिष्यवृत्ती जमा होणारे तेच खाते गोठते. पालकांनी आपल्या मुलांना याबद्दल आजच विचारावे, आडून आडून नको, सरळ विचारावे.

कोणी असा फसला तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. जितका उशीर तितका पैसा पुढे पळतो. घरातल्या बाईने आपला पिन मुलालाही सांगू नये. आक्कांनी तो रिचार्ज करायला म्हणून सांगितला होता. बचतीचे खाते वेगळे आणि फोनला न जोडलेले असावे, आणि फोनच्या खात्याची रोजची मर्यादा बँकेत सांगून कमी करून घ्यावी. ज्याचा हात थांबतच नाही त्याला दुबळा म्हणून हिणवू नये. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. या पोराने दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा जास्त वेळ बोलला.

राहिला गट. भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात जुगाराचे तोटे सांगताना धनाच्या नाशाबरोबर हेही सांगितले आहे की, जुगाऱ्याच्या शब्दाला सभेत किंमत राहत नाही. आक्कांना भीती होती ती याचीच. पैसे मुलाने घालवले, पण शब्द आईचा जाणार होता, कारण गटात जामीन बाकीच्या बायकाच. आक्का म्हणत होत्या, आजारपण झाले असे सांगू. आम्ही म्हणालो, सांगा, पण मग पुढच्या वेळी खरेच आजारपण आले तर काय सांगाल?

एप्रिलच्या बैठकीत पोराला बरोबर नेले. त्याने कागद हातात धरून बासष्ट हजारांचा हिशेब स्वतः वाचला. दोन बायका फार बोलल्या, त्यांचे चूक नव्हते. एक जण काहीच न बोलता उठून गेली. तिच्याही घरी तेच चालू होते, हे आम्हाला पुढच्या आठवड्यात कळले. शेवटी महिना चार हजार आणि वर व्याज, असा हप्ता ठरला. तो पोराने स्वतः आणून द्यायचा, आईच्या हाती पाठवायचा नाही. मुलीच्या फीसाठी आक्कांनी कानातली फुले गहाण टाकली. ती मुलगी भावाशी बरेच महिने बोलत नव्हती.

कायदा झाल्यावर त्या ॲपने खात्यांतली शिल्लक परत केली. सप्टेंबरात पोराच्या खात्यात ३१२ रुपये आले. तो पाचवा हप्ता होऊन सहाव्याच्या वाटेवर होता. आमचा तो मार्चमधला कागद त्याने जपून ठेवला होता, घड्यांवर फाटायला आलेला. तो घेऊन घरी आला आणि विचारू लागला की, मामा, हे तीनशे बारा कुठल्या बाजूला लिहायचे?

आम्ही म्हणालो, आले आहेत ना हातात? मग जमेला लिही. त्याने लिहिले, एकूण गेलेल्यातून वजा केले, आणि ६१,८८८ वर पुन्हा रेघ मारली.